भारिटांचा थांबा

चंद्रपूर जिल्ह्यात नोकरीला होते असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न वाघाचाच विचारतो. किती पाहिले, किती जवळून पाहिले, भीती वाटली का. मी एकही वाघ पाहिला नाही. गडचांदूरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या भाऊंनी मला वाघ पाहायला सवडच ठेवली नाही. त्यांच्या मते वाघ ही मुद्दाम पाहायला जाण्याची गोष्टच नव्हती.

"वाघ काय मॅडम, तो रस्त्यात आडवा पडून राह्यते. त्याले पाहाले डोळे लागत नाईत, नशीब लागते. भारीट पाहाले डोळे लागतेत."

वर ते असंही सांगत की वाघ पाहून आलेला माणूस पुढचे काही दिवस भारीट पाहायच्या लायकीचा राहत नाही, कारण तो एकसारखा बोलतच राहतो. यात मात्र तथ्य होतं. आमच्या कॉलेजातले दोघे जण एका सुट्टीत वाघ पाहून आले होते, ते वार्षिक परीक्षेपर्यंत बोलत होते.

भारीट म्हणजे चिमणीएवढा, फार तर चिमणीच्या थोरल्या भावाएवढा पक्षी. डोकं काळं, पोट पिवळंधमक, पाठ विटकरी. हिवाळ्यात दूर पश्चिमेकडून थव्याने येतो, ज्वारीचे दाणे खातो आणि उन्हं तापायच्या आत परत जातो. त्याला गाणं म्हणावं असं काही येत नाही. त्याने कोणाचं भलं केल्याचंही ऐकिवात नाही. तरीही भाऊंनी आपली नोकरी, आपला संसार आणि बायकोच्या माहेरचं शेत या पक्ष्याच्या मागे लावलं होतं.

भाऊ रिटायर झालेले कंडक्टर होते. सगळी हयात एसटीच्या लाल गाडीवर गेली, त्यातली बरीचशी राजुऱ्याहून कोरपन्याला जाणाऱ्या रस्त्यावर. नोकरी संपली, पण कंडक्टर काही संपला नव्हता. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक जुनं जाड नाणं असायचं आणि घरातला सगळा व्यवहार त्या नाण्यावर चाले. गाडीत एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला, तसंच घरात. जेवताना ताटावर एकदा नाणं वाजलं की वाढणं बंद, दोनदा वाजलं की आणखी एक भाकर. मोटरचा पंप लावायचा असला की भिंतीवर डबल बेल, टाकी भरली की सिंगल. मी सकाळी कॉलेजला निघताना स्कूटी सुरू केली की फाटकावर डबल बेल मिळेपर्यंत निघायची सोय नव्हती. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे बदली होऊन दुसऱ्या गावी गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी स्कूटी चालू करून मी दारात उगाचच थांबून राहिले होते.

वाहनात ते बसत नसत. बसणं हे पॅसेंजरचं काम, असं त्यांचं म्हणणं. टेम्पो असो, ट्रॅक्टर असो, बैलबंडी असो, भाऊ मागच्या बाजूला एका हाताने काहीतरी धरून उभे. मोटारगाडीत उभं राहता येत नाही म्हणून मोटारगाडी त्यांना वर्ज्य होती. गर्दी दिसली की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "पुढं सरका, मधी जागा आहे." रेशनच्या रांगेत निघायचं, देवळात निघायचं, आणि एकदा एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेतही निघालं. लोक मुकाट्याने पुढे सरकले, कारण मध्ये खरंच जागा होती.

आणि वेळापत्रक. कोणी गाडीची वेळ चुकीची सांगितली आणि भाऊ ऐकण्याच्या टप्प्यात असले, तर ते आंघोळ अर्धी टाकून बाहेर येत. "साडेनऊची नाई बापा, नऊ पस्तीसची." बंद पडलेल्या गाड्यांच्या वेळाही त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्याही ते दुरुस्त करत. आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर पोरं मुद्दाम मोठ्याने चुकीची वेळ सांगायची आणि भाऊंची वाट बघत बसायची. भाऊ यायचे, वेळ दुरुस्त करून परत जायचे. आपली थट्टा चालली आहे हे त्यांना कळत होतं. पण थट्टेतली झाली तरी चुकीची वेळ हवेत तशीच राहू देणं त्यांना जमत नव्हतं. सकाळी कोरपन्याकडे जाणारी एक लाल गाडी काळीपिवळ्या जीपगाड्यांनी पॅसेंजर पळवल्यामुळे बंद झाली होती. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला त्या गाडीबद्दल सांगितलं, एखादं माणूस गेल्याचं सांगावं तसं.

या काळीपिवळ्यांवरून लोक त्यांना छेडत. "भाऊ, तुमचं पाखरू बी तं काळंपिवळंच आहे!"

"रंगावून कोणाले वाईट म्हणू नये," भाऊ म्हणत. "पाखरू वेळेवर येते."

भारीट कुठे आणि कधी सापडतो हे त्यांना विचारलं की वेळापत्रकच ऐकायला मिळे. "नोव्हेंबरात निंगते तिकून. पह्यले इकडंतिकडं फिरते. आपल्याइथी जवारीत दाणा भरला का पोचते, होळीले परतीची गाडी. थांबा कोणता, तं जवारीचं शेत, बांधावर बाभूळ अन् जवळपास पाणी. तिन्ही पायजे. पऱ्हाटीले, कापसाले थांबत नाई. सोयाबीनकडं तं ढुंकून पाहत नाई. धान? धानाच्या मुलुखात त्याचं कामच नाई." सिमेंटच्या खाणींकडच्या खडकाळ टेकड्यांवर शेंडीवाला एक भारीट बाराही महिने असतो, असं मी कुठेसं वाचून मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं. भाऊंनी हात झटकला. "तो लोकल आहे. त्याले मी धरत नाई."

एकदा पाण्याच्या बाटल्या घ्यायला थांबलेल्या एका मोठ्या जीपमधल्या, भल्या थोरल्या कॅमेऱ्यांच्या मंडळींनी भाऊंना विचारलं, इथे हमखास काय दिसेल? हमखास हा शब्द ऐकून भाऊ खुलले. त्यांनी त्या लोकांना शेत, बाभूळ, पाणी, सकाळची वेळ, उन्हाकडे पाठ करून कुठे उभं राहायचं, सगळं सांगितलं. ती मंडळी पहाटे उठून गेली आणि सबंध सकाळ बाभळीसमोर उभी राहिली. आपण वाघाची वाट बघत नाही आहोत हे त्यांना उन्हं वर आल्यावर कळलं. भारीटही आला नव्हता. भाऊंना दुःख झालं ते फक्त याचं.

भारीट न येण्याचं ते काही पहिलं वर्ष नव्हतं. पण त्याआधी तो पहिल्यांदा कसा आला हे सांगायला हवं.

ही गोष्ट मी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडून ऐकली. ड्रायव्हर चाचा रिटायर झाल्यावर गावात बॅटरीचं दुकान चालवत होते. भाऊ नवे कंडक्टर होते तेव्हा कोरपन्याच्या रस्त्यावर एका ज्वारीच्या शेतातून गोफणीचा दगड सुटला आणि गाडीच्या पत्र्यावर ठाण्‌कन बसला. भाऊंनी सिंगल बेल मारली आणि भांडायला खाली उतरले.

"मैंने ब्रेक मारा," चाचा म्हणाले. "सोच्या, आता इथी मस्त भांडण होते. खिडकीतून पाह्यतो तं मचाणावर एक पोरगी उभी, हातात गोफण. अन् हा खाली उभा, मुंडी वर करून. बोलत नाई, हालत नाई. पॅसेंजर चिल्लाऊन राह्यले. मी हॉर्न मारून राह्यलो. हा आपला वरच पाहून राह्यला."

पुढच्या वर्षी भाऊंचं त्या मुलीशी लग्न झालं. गावाला ही गोष्ट फार आवडते. भाऊंना आवडत नाही, कारण त्यांच्या मते ती चुकीची सांगितली जाते. दगडाच्या आवाजाने बाभळीवरून पिवळ्या पाखरांचा थवा उठला होता आणि ते त्या थव्याकडे बघत होते. मुलगी नंतर दिसली. हे ते त्या मुलीच्या, म्हणजे घरातल्या बाईंच्या समोर, पाहुण्यांच्या समोर, कोणाच्याही समोर स्वच्छ सांगत. बाई आतून म्हणत, "सांगा, सांगा. पह्यले पाखरू, मंग मी. साऱ्या गावाले सांगा."

इतकी वर्षं झाली तरी बाईंचा तो राग जुना झाला नव्हता. भाऊंनी एखाद्या वेळी खोटं बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला पुष्कळदा वाटायचं. पण चुकीची वेळ त्यांना सांगता यायची नाही, तशी ही चुकीची गोष्टही सांगता आली नाही.

नोकरीत त्यांना एकच मेमो मिळाला, तोही भारिटामुळे. लग्नानंतर काही वर्षांनी त्याच रस्त्यावर त्यांनी गच्च भरलेल्या गाडीत सिंगल बेल मारली आणि दारातून बोट दाखवून नुसतं म्हणाले, "ते पाहा." चंद्रपूर जिल्ह्यात धावत्या गाडीतून कंडक्टरने "ते पाहा" म्हटलं तर लोक काय समजणार? सगळी गाडी एका बाजूला गेली. एका बाईने पोरगं सीटखाली दडवलं. एक बकरी खिडकीतून बाहेर पडली आणि तिचा मालक तिच्यामागून पडला. वाघ नाही, पाखरं आहेत, असं समजल्यावर लोकांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते चिडले. तक्रार झाली. गाडी का थांबवली या प्रश्नावर भाऊंनी डेपोत उत्तर दिलं की पाखरं थांब्यावर होती. त्यांची बदली अहेरीकडे झाली.

अहेरीकडे धान, साग आणि नद्या. ज्वारी नाही, म्हणजे भारीट नाही. तरी भाऊंनी प्रयत्न केला. तिथल्या आठवडी बाजारात ते लोकांना काळ्या डोक्याच्या पिवळ्या पाखराबद्दल विचारत फिरले. सिरोंच्याकडच्या एका माणसाने त्यांना तेलुगूत काहीतरी सविस्तर समजावलं. भाऊंना अक्षर कळलं नाही, पण तो हातांनी पंख करून दाखवत होता म्हणून ते त्याच्या मागोमाग जंगलात गेले. तिथे कोंबड्यांच्या झुंजी चालल्या होत्या. "पाखरू होतं," भाऊ म्हणाले, "पण आपलं नव्हतं."

आता त्या शेताबद्दल. ज्या शेतातून दगड आला ते शेत बाईंच्या वडिलांनी बाईंच्या नावावर केलं होतं. रस्त्यालगतचा लहानसा तुकडा, बांधावर तीच बाभूळ, पलीकडे नाला. आजूबाजूच्या सगळ्यांनी ज्वारी सोडून कापूस आणि सोयाबीन धरलं, तरी भाऊंनी तिथे दर दसऱ्याला ज्वारीच पेरायला लावली. परिसरात एकच ज्वारीचं शेत राहिलं, म्हणजे पाच कोसांतली पाखरं एकाच ताटात जेवायला येऊ लागली. पोपट, चिमण्या, साळुंक्या, पारवे. बाई वाऱ्याच्याही डोळ्यात दगड मारतील अशा नेमबाज. पण गोफणीला भाऊंची बंदी होती. गर्दीत चुकून भारीट असला तर तो बुजेल, आणि एकदा बुजलेलं पाखरू थांबा बदलतं, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे सुगीला हातात नुसता कडबा येत असे.

"शेत जवारीचं, अन् जवारी बाजारातून," बाई मला म्हणाल्या. "लोकं हासतेत, मॅडम. माह्या बापाच्या शेताले लोकं हासतेत."

हे सगळं चाललंही असतं. पण भारीटच यायचा थांबला. एक हिवाळा आला नाही, दुसरा आला नाही, असे बरेच हिवाळे गेले. मी राहायला आल्यानंतरच्या दसऱ्याला, पेरणीच्या तोंडावर, बाईंनी ओसरीत निकाल दिला. मी तिथेच भाजी निवडत बसले होते.

"अजी, हे शेवटचं. होळी पेटेपर्यंत तुमचं पाखरू आलं तं मी आयुष्यभर जवारीच पेरीन, तोंडातून ब्र काढणार नाई. नाई आलं तं पुढच्या साली पऱ्हाटी. बाभूळ बी तोडीन, सावली पडते."

"मंजूर," भाऊ म्हणाले आणि त्यांनी खांबावर डबल बेल मारली.

संक्रांतीच्या आसपास भाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडले. ट्रॉलीत बसायला भरपूर जागा होती. ते मागच्या फळीला धरून उभे होते. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की होळी खाटेवरच होईल. भाऊंनी मान हलवली. घरी आणल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, शेतावर कोण जाणार?

मी म्हटलं, मी जाते. त्यांनी मला खाटेशेजारी बसवून आठवडाभर भारीट शिकवला. काळी टोपी कुठपर्यंत, पिवळा सदरा कुठून, होळीच्या सुमारास टोपी कशी जास्त काळी होते. मी पहिल्याच रविवारी जाऊन आनंदाने बातमी आणली. त्यांनी शांतपणे चार प्रश्न विचारले आणि मी पाहिलेली ती सुगरण होती हे सिद्ध केलं. दुसऱ्या रविवारी मी आणखी सावधपणे चिमणी पाहून आले. त्यानंतर माझी साक्ष धरायची नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. त्या घरात त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं, ते एवढ्या एकाच बाबतीत.

शेवटी बाईच जाऊ लागल्या. मी सकाळी त्यांना स्कूटीवरून शेतावर सोडायची आणि मग कॉलेजला जायची. पहिल्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या कमरेला गोफण खोचलेली होती. भाऊ खाटेवर अर्धे उठले.

"हे काऊन?"

"पिकाची राखण कराले."

"ठरलं काय होतं आपलं?"

"ठरलं तेच चालू आहे. त्यात गोफणीचं नाव नव्हतं."

भाऊंनी आठवून पाहिलं. नव्हतं. ते परत आडवे झाले. त्या दिवशी जेवताना नाणं वाजलंच नाही आणि बाईंनी अंदाजाने वाढलं.

मचाणावर उभ्या राहिलेल्या बाई मी पाहिल्या आहेत. एरवी गुडघे धरून जिना चढणारी बाई तिथे पोरीसारखी चढायची. गोफण डोक्याभोवती फिरायची, चट् असा आवाज व्हायचा आणि दूर कुठेतरी पोपटांचा एक हिरवा ढीग उधळायचा. कितीतरी वर्षांनी त्या शेतात कणसं भरली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. शेजारचा शेतकरी, ज्याला पुढच्या साली ते शेत बटाईने कापसाला हवं होतं, तोही म्हणाला, "बाई, जवारी झाली हो तुमची." बाईंचा चेहरा असा फुलला होता की मला भाऊंची कीव आली. आता भारीट आला असता तरी तो ह्यांच्या दगडांपुढे टिकणार नव्हता. घरी भाऊ प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून रस्त्याकडे बघत पडलेले असायचे. बाई परतल्या की विचारायचे नाहीत. बाईही सांगायच्या नाहीत. म्हणजे आला नाही, हे कळायचं.

होळीच्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी शेतावरच थांबले. संध्याकाळी होळी पेटायची होती. ऊन कोवळं होतं. बाईंनी गोफणीत दगड घातला होता आणि समोरच्या चिमण्यांसाठी ती फिरवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बाभळीच्या शेंड्यावर एक पाखरू येऊन बसलं. मग दुसरं. मग माझं लक्ष दुसरीकडे गेलं आणि परत पाहिलं तेव्हा निम्मी बाभूळ पिवळी झाली होती. मला वाटलं बाभूळ फुलली. पण बाभळीच्या फुलांना काळी टोपी नसते.

बाईंचा हात वरच्या वर थांबला. गोफण लोंबकळली आणि दगड मचाणाच्या फळीवर पडून खाली गेला. थवा बाभळीवरून खाली आला आणि त्यांनी महिनाभर राखलेल्या कणसांवर सरळ जेवायला बसला. बाई फळीवर खाली बसल्या, पाय लोंबते सोडून, गोफण मांडीवर.

"माहा बाप शिव्या देत जाय यायले," त्या म्हणाल्या. "मी लई हाकलले लहानपणी. असे कधी बसून पाह्यलेच नाई. गोजिरवाणे आहेत वं."

मी भाऊंना फोन लावायला पर्स उघडली. बाईंनी माझा हात धरला.

"तुमी काई बोलू नका, मॅडम. तुमची साक्ष धरत नाईत. काय सांगाचं ते मी सांगीन."

परत येताना त्या स्कूटीवर माझ्यामागे गप्प बसल्या होत्या आणि मला भीती वाटत होती. त्यांनी नुसतं काही न बोलता आत जाऊन चूल पेटवली असती, रोजच्यासारखी, तर शेत त्यांचं होतं. बाभूळ त्यांची होती. इतक्या वर्षांचा राग होता आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला नीट सांगता येत नाही.

भाऊ ओसरीत खाटेवर होते. बाई काही न बोलता आत गेल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या एका क्षणात तो माणूस मला एकदम म्हातारा दिसला.

दुपारी पुरणपोळीचं जेवण होतं. बाईंनी खाटेजवळ पाट मांडून त्यावर भाऊंचं ताट ठेवलं, मलाही तिथेच वाढलं. एक पोळी झाली आणि भाऊंनी ताटाच्या काठावर नाणं वाजवलं. एकदाच. बस. भाऊ पुरणपोळीला एकाच पोळीवर थांबलेले मी कधी पाहिले नव्हते.

बाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हातातल्या चमच्याने वाटीच्या काठावर ठोका दिला. मग थांबून दुसरा दिला.

त्या घरात बेल मारायचा अधिकार कंडक्टरचा होता. बाईंनी इतक्या वर्षांत कधी बेल मारली नव्हती, फक्त ऐकली होती. भाऊंचा हात ताटातच राहिला. खाली बघतच त्यांनी विचारलं,

"कुठी?"

"बाभळीवर."

"किती होते?"

"मोजाले मी का कंडक्टर आहो?"

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. बाईंनी त्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढली, वर तूप घातलं आणि मग जे त्यांना महिनाभरात कळून चुकलं असावं ते सांगून टाकलं.

"तुमी कोणालेच हाकलत नव्हते, म्हणून ते येत नव्हते. हे येईपर्यंत पोपट सारं खाऊन टाकत. उपाशी थांब्यावर कोण उतरीन? औंदा दाणा होता, म्हणून आले. पुढच्या साली बी जवारीच. पण मचाणावर मी बसन."

इतक्या वर्षांची बंदी चुकीची होती हे ऐकून माणसाने काहीतरी बोलायला हवं होतं. भाऊंनी पोळीचा घास हातात घेतला. मग म्हणाले,

"बाकी साऱ्यायले मारली गोफण. यायलेच काऊन नाई मारली?"

बाई वाटी घेऊन आत जायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"रस्त्यानं सकाळची लाल गाडी चालली होती," त्या म्हणाल्या. "तिले लागली असती."

सकाळची लाल गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि भाऊंना तर ती बंद झाली तो वारसुद्धा पाठ होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी घास तोंडात घातला आणि वेळ दुरुस्त केली नाही.